वरून आलेली वेळ

मी बोलतोय. अहो, इकडेतिकडे काय बघताय? मान वर करा. धक्क्याच्या पत्र्याखाली, तिकीट खिडकीच्या डोक्यावर लाल आकड्यांचा लांबट काळा डबा टांगलाय ना, तोच मी. घड्याळाचा फलक. माझे दिवसातून दोनदा बारा वाजतात, पण मी कधी कुरकुर केलेली नाही. माणसाचे एकदा वाजले की तो गाव डोक्यावर घेतो.

जन्म माझा कारखान्यातला. एका लांब टेबलावर चष्मेवाल्या बाईने माझे दिवे एकेक करून बसवले आणि सगळे एकदम पेटतात का ते बघायला बटण दाबलं. म्हणजे मी जन्माला आलो तेव्हा अठ्ठ्याऐंशी वाजून अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली होती. "पोरगं गुटगुटीत आहे," बाई म्हणाली आणि तिने शेजारच्या डब्याचं बटण दाबलं. तो माझा जुळा भाऊ. आम्ही एकाच खोक्यातून निघालो, पण तो खाडीच्या पलीकडच्या धक्क्यावर गेला आणि मी अलीकडच्या. त्यानंतर आमची भेट नाही. तरी या क्षणाला तो काय दाखवतोय ते मी शपथेवर सांगतो. जे मी दाखवतोय तेच, सेकंदासकट.

ते कसं, ते ऐका. मी इतर घड्याळांसारखा स्वतःच्या मनाने चालत नाही. आकाशात उपग्रह फिरत असतात. त्यांच्या पोटात फार बिनचूक घड्याळं असतात, आणि ते अखंड एकच बडबड करत असतात, आत्ता किती वाजले, आत्ता किती वाजले. ती ऐकायला मला छपरावर एक कान आहे. पांढरा, अळंबीच्या टोपीएवढा. त्यातून निघालेली वायर माझ्या पाठीत येते. वरचं बोलणं नीट ऐकू येत असलं की माझ्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो. तो ठिपका म्हणजे माझी अब्रू. तो विझला तरी मी चालतो, पण अंदाजाने. आणि अंदाजाने चालणाऱ्यांची इथे आधीच काही वाण नव्हती.

माझ्या आधी या जागी एक गोल, काटेवालं घड्याळ होतं. कुणा जुन्या मास्तरांनी ते मुद्दाम दहा मिनिटं पुढे करून ठेवलेलं. हेतू चांगला होता. लोकांनी घाई करावी, लाँच चुकू नये. पण लोक काय दूधखुळे आहेत? चार दिवसांत सगळ्यांना कळलं. मग जो तो घड्याळ बघायचा, मनात दहा वजा करायचा आणि निवांत चहाचा दुसरा कप मागायचा. आया पोरांना पाढ्यांच्या आधी हे शिकवायच्या की धक्क्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. हातातले फोनसुद्धा लोकांनी दहा मिनिटं पुढे करून ठेवले. का, तर धक्क्याशी जुळायला नकोत? आणि मग त्या फोनमधूनही दहा वजा करायचे.

पलीकडचे लोक शांत स्वभावाचे. त्यांचं घड्याळ दहा मिनिटं मागे. त्यामुळे इथल्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटांनी सुटलेली लाँच पंधरा मिनिटं पाणी कापून तिकडच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटांनी पोचायची. सुटायच्या आधी पोचणारी बोट तुम्ही कुठे पाहिलीय? लाँचच्या कचेरीतल्या साहेबांना या प्रवासाचा ताळमेळ लागेना. त्यात एकदा दोन लाँचा भर खाडीत समोरासमोर आल्या आणि दोन्हींचे तांडेल 'मीच वेळेवर' म्हणून सुकाणू सोडून भांडत बसले. प्रवासी आपले उन्हात. तेव्हा साहेबांनी ठरवलं, दोन्ही काठांना वेळ एकच, आणि ती वरून आणायची.

मला टांगलं तेव्हा खाली मास्तर हात जोडून उभे होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, धक्क्याचे मास्तर. तिकिटं, दोरखंड, गर्दी, सगळं त्यांच्याकडे. अंगाने काडी, कपड्यांना कडक इस्त्री, गळ्यात दोरीला शिट्टी. हिरवा ठिपका लागला तसे त्यांचे डोळे भरून आले. "आता या धक्क्यावर खोटं चालणार नाही," ते म्हणाले. मला माणूस आवडला. तिथल्या तिथे आवडला.

पहिल्या सकाळी आठ वाजले. मास्तरांनी शिट्टी मारली, तांडेलाने दोर सोडला आणि लाँच निघाली. रिकामी. अगदीच रिकामी नव्हे, आत एक परगावचा पाहुणा होता, ज्याला लहानपणी कोणी काही शिकवलं नव्हतं. बाकीचं गाव चढावरून रमतगमत खाली येत होतं. पुढे मासळीवाली आजी, डोक्यावर ॲल्युमिनियमची पाटी. तिने पाण्यावर लाँचची पाठ पाहिली, मग मला पाहिलं. आठ वाजून चार मिनिटं झाली होती.

"अरे मास्तर, अजून आठला सहा मिनिटं आहेत. लाँच कुठे पळाली?"

"आजी, आठ वाजून गेले. हे घड्याळ पुढे नाही. याची वेळ उपग्रहावरून येते."

"कुठून?"

"उपग्रहावरून. आकाशातून."

आजीने आकाशाकडे डोळे बारीक करून बघितलं. "बरं. मग तो उपग्रह किती मिनिटं पुढे ठेवलाय?"

मला असा राग आला म्हणता! माझे सगळे दिवे तापले. पण आजीच्या मागचं सगळं गाव मान हलवत होतं. कोणाला तरी हा प्रश्न विचारायलाच हवा होता, असं त्यांचं मत पडलं.

मग रोज तोच तमाशा. लोक यायचे, वर बघायचे, दहा वजा करायचे आणि लाँचच्या नावाने बोटं मोडायचे. सगळ्यात जास्त भोगलं ते ढोलवाल्याने. त्याचा बँड आहे. पलीकडच्या लग्नात वाजवायला सगळे लाल डगले घालून, पितळी बटणं चकचकीत करून आले, ते बरोबर सात मिनिटं उशिरा. लाँच अजून ओरडून हाक मारता येईल एवढ्या अंतरावर होती.

"मास्तर, बोलवा की मागे! नवरा मांडवात उभा आहे!"

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. "वेळ वरून येते. माझ्या हातात काही नाही."

ढोलवाल्याने मग काय केलं माहितीये? सगळा बँड माझ्यासमोर रांगेत उभा केला आणि वरातीची गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. माझ्याकडे रोखून बघत. मी आयुष्यात एवढा अवघडलेला कधी नव्हतो. नवरीसारखी मान खाली घालायची तर मला मान नाही.

मास्तरांचं ते वाक्य मात्र गावाने उचललं. कोणी उसने दिलेले कप परत मागितले की उत्तर यायचं, "कप वरून येतात, माझ्या हातात काही नाही." घरी मास्तरीणबाईंना मास्तर म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, मीठ वरून येतं." मास्तर हसले नाहीत. त्यांना वाटायचं, सत्याच्या मार्गात थट्टा व्हायचीच. मलाही तसंच वाटायचं. आमचं दोघांचं चांगलं जमलं होतं.

एकदा तर भर दुपारी माझा ठिपकाच विझला. आकाश स्वच्छ, वायर शाबूत, आणि मला वरचं काही ऐकू येईना. मास्तर इस्त्रीच्या कपड्यांनिशी छपरावर चढले. बघतात तर माझ्या कानावर आजीची पाटी पालथी घातलेली! छपराची मागची बाजू चढाला टेकलेली आहे, तिथून तिने हात लांबवून धुतलेली पाटी वाळत ठेवली होती.

"आजी, ही काय ठेवायची जागा आहे?"

"मला वाटलं, पाटी ठेवायचीच सोय केलीय. चांगली उंचावर, गोल."

"अहो, त्याच्याखाली आकाश झाकलं गेलं!"

"माझ्या पाटीखाली तुझं आकाश मावलं?" आजी पाटी काखेत मारत म्हणाली. "मग फार मोठं नसेल."

आता मुद्द्यावर येतो. मास्तरांना एकुलती एक मुलगी. गाव तिला धांदल म्हणतं, आणि ते काही उगीच नाही. एका पायात एक चप्पल, दुसऱ्या पायात दुसरीच. छत्री घेऊन निघेल आणि डबा विसरेल, डब्यासाठी परत जाईल आणि छत्री ठेवून येईल. पण मी तिला एकदा वेगळी पाहिलीय. एका प्रवाशाचा हात लाँच आणि धक्क्याच्या मध्ये चिरडला. रक्त बघून धट्टेकट्टे गडी खाली बसले, तांडेल देवाचा धावा करू लागला. ही पोरगी गर्दीतून आली, गळ्यातली ओढणी फाडली, हात वर धरून घट्ट बांधला आणि त्या माणसाला म्हणाली, "माझ्याकडे बघा, हाताकडे बघू नका." तेवढ्या वेळात तिची धांदल कुठे गेली होती कोण जाणे. त्या दिवसापासून तिने ध्यास घेतला, नर्स व्हायचं.

नर्सिंगची शाळा पलीकडच्या काठावर. प्रवेशाची परीक्षा वर्षातून एकदा. वयाची अट अशी की धांदलला ही शेवटचीच संधी, पुढच्या वर्षी दार कायमचं बंद. सकाळची पहिली लाँच आठची. शाळेचं फाटक साडेआठला लागतं, आणि लागलं की लागलं. तिथला पहारेकरी रोज सकाळी माझ्या भावाकडे बघून मनगटावरचं घड्याळ लावतो, म्हणजे त्याला वेळेवरून गंडवायचीही सोय नाही. आठची लाँच वेळेवर सुटली तर शाळेपर्यंत चालायला थोडी उसंत. चुकली तर सगळंच चुकलं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मास्तर हळूच खाली आले. हातात घरातलं स्वयंपाकघरातलं घड्याळ, दोन खिशांत दोन फोन, एक बायकोचा, एक मुलीचा. मायलेकी शेजारी कपड्यांना इस्त्री करायला गेल्या होत्या. ते घड्याळ मास्तरीणबाईंनी दहा मिनिटं पुढे ठेवलेलं, आणि त्याला हात लावायची मास्तरांची प्राज्ञा नव्हती. पण त्या संध्याकाळी त्यांनी धीर केला. माझ्याखाली उभं राहून तिन्ही वेळा सेकंदाला सेकंद जुळवल्या. "परीक्षेच्या दिवशी तरी पोरीच्या डोक्यावर खरी वेळ असू दे," ते पुटपुटले. मी मनात म्हटलं, वा मास्तर! आता घरातही आपलंच राज्य.

आणि हे त्यांनी घरी सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर बाईंनी घड्याळ पुन्हा पुढे केलं असतं. चांगलं काम गुपचूप करावं, असा त्यांचा समज. तुमच्या लक्षात आलं ना काय झालं ते? माझ्या आलं नाही. मला काय माहीत, माणसं घड्याळ बघतात म्हणजे घड्याळावरची वेळ बघत नाहीत!

दुसऱ्या दिवशी मास्तर पहाटेच धक्क्यावर आले. निघताना मुलीला म्हणाले, "वेळेवर ये." ती म्हणाली, "हो बाबा." घरी मायलेकींनी घड्याळ बघितलं, दहा वजा केले आणि निवांत बसल्या. आठला पाच कमी असताना मास्तरांनी पहिली शिट्टी मारली, ती घरापर्यंत ऐकू गेली.

"आई, शिट्टी झाली!"

"अगं, तुझे बाबा आज हौसेने वाजवताहेत. अजून पंधरा मिनिटं आहेत. तोंडातला घास नीट चाव. उपाशीपोटी आठवत नाही काही."

इकडे गाव मात्र नेमकं त्याच दिवशी वेळेवर आलेलं. इतक्या वेळा पोळल्यावर त्या एका दिवसापुरतं तरी शहाणपण आलं होतं. आजी होती, ढोलवाला त्याच्या ढोलासकट होता. सगळे लाँचमध्ये चढायच्या तयारीत, आणि सगळ्यांचं लक्ष चढावरच्या रस्त्याकडे. परीक्षा आहे हे कोणाला माहीत नव्हतं? रस्ता रिकामा होता.

सात एकोणसाठ. मास्तर माझ्याकडे बघत होते, रस्त्याकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. कपाळावरून घाम ओघळत होता. माझी अवस्था सांगतो. पन्नास, एक्कावन्न, बावन्न… मला त्या घडीला स्वतःचा राग आला. जन्मात पहिल्यांदा वाटलं, आपण चुकावं. चांगलं सणसणीत चुकावं. आजीने पाटी घालावी माझ्या कानावर. पण तेवढ्याने काय होणार? मी अंदाजाने का होईना, पुढेच सरकलो असतो. थांबणं माझ्या हाती नाही.

आठ वाजले.

मास्तरांनी शिट्टी ओठांना लावली. ढोलवाला हळूच म्हणाला, "मास्तर, पाच मिनिटं थांबलात तर कोणी काही बोलणार नाही." मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्यासाठी थांबलो नव्हतो," ते म्हणाले. "आता स्वतःच्या मुलीसाठी कोणत्या तोंडाने थांबू?" आणि त्यांनी शिट्टी मारली. कसली शिट्टी ती! किटली जास्त जोरात वाजते. मारली आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

लाँच हलली नाही.

"मास्तर, गाठ सुटत नाहीये," तांडेल दोराशी बसून म्हणाला.

"काल तूच बांधलीस ना?"

"तेच तर. फार चांगली बांधली गेलीय."

आजीचा एक पाय लाँचमध्ये होता आणि एक धक्क्यावर. "आजी, आत या," मास्तर मागे न बघता म्हणाले.

"येते रे. पाय वरून येतो, माझ्या हातात काही नाही."

आणि ढोल! लाँचमध्ये चढायच्या फळीच्या दोन कठड्यांमधून रोज आरामात जाणारा ढोल त्या दिवशी असा आडवा अडकला की पुढे जाईना, मागे येईना. ढोलवाला त्याला ढकलल्याचं असं नाटक करत होता की अंगावरचा डगला उसवला. मागचे लोक उगीच ओरडत होते, "अरे, काढा रे तो ढोल!" आणि कोणी बोट लावत नव्हतं. मला सगळ्यात मजा याची वाटली की एवढ्या गर्दीत माझ्याकडे एकही माणूस बघत नव्हता. ठरवून. मास्तरांच्या हट्टापायी ज्यांनी ज्यांनी लाँच चुकवली होती, तेच सगळे त्यांच्या पोरीसाठी वेळेच्या वाटेत पाय रोवून उभे होते. मास्तर अजून पाण्याकडेच बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

आठ वाजून सात मिनिटांनी ती दिसली. चपला हातात, ओढणी कमरेला, केस उडताहेत. चढावरून आली ती सरळ. त्याबरोबर तांडेलाची गाठ सुटली, आजीचा पाय आत गेला आणि ढोल असा सुळकन आत घुसला की त्याच्यामागे ढोलवालाही गेला. धांदल शेवटी चढली. "बाबा, घड्याळात तर…" एवढंच तिचं ऐकू आलं. लाँचने काळा धूर सोडला आणि पाणी दुभंगत निघाली. तांडेलाने तिला कधी एवढं पळवलं नव्हतं. पलीकडचा काठ गाठेपर्यंत तिचे पत्रे वाजत होते म्हणे.

मग मास्तरीणबाई खाली आल्या. हातात स्वयंपाकघरातलं घड्याळ. लाँच लांब गेलेली, माझ्यावरची वेळ आणि हातातली वेळ एकच, बाईंना समजायला वेळ लागला नाही.

"अहो, या घड्याळाला हात कोणी लावला?"

"मी… खरी वेळ लावली," मास्तर म्हणाले.

"खरी वेळ! आणि ती आम्हाला कोण सांगणार? उपग्रह?" बाई खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "मी तिला बसवून खायला घातलं हो. अजून वेळ आहे, अजून वेळ आहे म्हणत."

मास्तर त्यांच्या शेजारी बसले. इस्त्रीच्या कपड्यांनिशी, ओल्या फरशीवर. दोघं लाँच परत येईपर्यंत तशीच बसून होती. मीही एकेक सेकंद मोजत होतो, पण तो माझा धंदाच आहे.

लाँच आली ती तांडेलाच्या आरोळीसकट. "गेली! आत गेली!" धक्क्याला लागायच्या आधीच तो सांगायला लागला. पंधरा मिनिटांची वाट त्याने बारांत कापली होती. तिथून धांदल पळाली आणि तिच्या बरोबरीने आजी. पहारेकऱ्याचा हात फाटकावर होता. आजीने पाटी त्या फाटकाच्या मधोमध उतरवली आणि त्याला विचारलं, "बांगडे घेतोस का? ताजे आहेत." तो म्हणाला, पाटी बाजूला घ्या. आजी म्हणाली, घेते की, आधी भाव तर ऐक. तेवढ्यात पोरगी आत.

कचेरीतून विचारणा झालीच. लाँच आठ मिनिटं उशिरा का सुटली? मास्तरांनी कळवलं की ढोल अडकला होता. त्यात खोटं काही नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई एक फळी घेऊन आल्या. खोक्याच्या झाकणाची, वर निळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मास्तरांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. फळीवर होतं, 'हे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे.'

"अगं, हे साफ खोटं आहे! हे घड्याळ सेकंदानेसुद्धा मागे नाही!"

"ठाऊक आहे मला. ती तार द्या इकडे."

"मी या धक्क्यावर खोटं चालू देणार नाही."

"बरं. मग काल आठ मिनिटं चाललं ते काय होतं?"

मास्तरांनी तार दिली. बाई स्टुलावर चढल्या आणि ती फळी माझ्या खाली, माझ्याच अंगाला आवळून बांधली. माझा अपमान काय सांगू? वर चकचकीत हिरवा ठिपका आणि खाली ही बदनामी. मी दिवसभर धुमसत होतो. जुळा भाऊ हे बघत नाही तेवढंच बरं, असं वाटलं.

पण चार दिवसांनी मी बघतो तर लोक वेळेवर येताहेत! गडबड नाही, पळापळ नाही. मला काही केल्या उमजेना. शेवटी ढोलवाला एका पाहुण्याला समजावून सांगत होता, तेव्हा कळलं. "हे बघा, धक्क्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून आधी दहा वजा करायचे. पण फळीवर लिहिलंय की दहा मिनिटं मागे आहे. म्हणून मग दहा मिळवायचे. की झाली बरोबर वेळ."

पाहुणा म्हणाला, "मग सरळ घड्याळात आहे तीच वेळ का धरत नाही?"

"छे, छे," ढोलवाला म्हणाला. "असा आंधळा विश्वास ठेवून चालत नाही."

तर असं आहे. आकाशातल्या उपग्रहांना जे जमलं नाही ते मास्तरीणबाईंच्या खोक्याच्या झाकणाने केलं. धांदल परीक्षेत पास झाली, शाळाही पुरी झाली, आता ती पलीकडच्या इस्पितळात नर्स आहे. रोज आठच्या लाँचने जाते. अजूनही चप्पल हातात असते, पण पलीकडे पोचली की शांत होते म्हणतात.

मी आता जुना झालो. माझ्या मिनिटांच्या शेवटच्या आकड्याची मधली दांडी विझलीय, त्यामुळे आठ वाजून आठ मिनिटं झाली की आठ वाजल्यासारखं दिसतं. दुरुस्तीला माणूस येणार आहे म्हणे. येऊ दे. दांडी बसव, काच पूस, वायर बदल, माझं काही म्हणणं नाही. पण भल्या माणसा, फळीवरचं वाचून हसू नकोस, आणि ती काढू तर मुळीच नकोस. खरी वेळ आहे म्हणून सांगत बसशील आणि सगळं गाव धक्क्यावर राहील.

मास्तरांचे केस पिकले, पण इस्त्री तशीच कडक आहे. रोज आठ वाजता ते आधी माझ्याकडे बघतात, मग वळून रस्त्याकडे. रस्ता रिकामा असला तर शिट्टी लगेच वाजते. पण कोणी पळत येताना दिसलं, मग ते कोणीही असो, ओळखीचं किंवा अनोळखी, की मास्तरांना शिट्टी सापडत नाही. हा खिसा चाचपतात, तो खिसा चाचपतात, तिकीट खिडकीत वाकून बघतात. ती असते त्यांच्या गळ्यातच. मला वरून स्पष्ट दिसत असते. मी काही बोलत नाही.